सांगितलें आणि पोहोंचलें

खरें बोलणें म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार आपल्या शास्त्रकारांनीं व पाश्चात्य तत्त्वज्ञांनीं पुष्कळ केला आहे; परंतु तो बहुधा बोलणाऱ्याच्या बाजूनें केला आहे. बोलणाऱ्याचा हेतु शुद्ध होता कीं कपटी होता, जें जसें घडलें तें त्यानें तसेंच सांगितलें कीं नाहीं, एवढें पाहिलें म्हणजे सत्यासत्याचा निवाडा झाला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऐकणाऱ्याच्या मनांत तें वाक्य काय होऊन बसलें, याची चौकशी नीतिशास्त्रांत क्वचितच होते. महाभारतांतील धर्मराजाची गोष्ट याला अपवाद म्हणतां येईल. अश्वत्थामा मेला हें त्याचें सांगणें अक्षरशः खोटें नव्हतें, त्या नांवाचा हत्ती मेलाच होता. तरी द्रोणाचार्यांनीं जें ऐकलें तें खोटें होतें, आणि भूमीपासून चार अंगुळें वर चालणारा धर्माचा रथ तत्क्षणीं खालीं टेकला. येथें दोषी ठरला तो मात्र हेतु. हेतु निर्मळ असून ऐकणाऱ्याच्या मनांत भलताच अर्थ शिरला, तर रथ खालीं येतो कीं नाहीं? आमच्या मतें हा प्रश्न अधिक अवघड आहे. त्याचें उत्तर गेल्या शंभर वर्षांत जर कोठें मनापासून शोधलें गेलें असेल, तर तें विद्यापीठांत नव्हे. आकाशांतील विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या लोकांच्या रुक्ष परिभाषेंत शोधलें गेलें आहे.

अलिबाग तालुक्यांतील मांडवा हें गांव ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना हा विषय आम्हांस तेथें कां सुचावा हें सांगावयास नको. सुटीचे दिवस आम्ही तेथें घालवितों. धक्क्यावर उभें राहिलें कीं पाण्यापलीकडे मुंबई दिसते; गेटवेहून येणाऱ्या लाँची आणि २०२० सालापासून भाऊच्या धक्क्याहून मोटारी पोटांत घालून येणारें जहाज दिसतें; आणि मान वर केली कीं विमानें. २०२५ सालच्या अखेरीस पलीकडे नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला, तेव्हांपासून ‘मुंबईस उतरणारें विमान’ हें वर्णनही पुरें पडेनासें झालें आहे; कोणत्या मुंबईस, हें विचारावें लागतें. या किनाऱ्यास असा घोटाळा नवा नाहीं. बंदराच्या एका अंगास मुंबईचें कुलाबा, दुसऱ्या अंगास अलिबागचा कुलाबा किल्ला, आणि मांडवा ज्या जिल्ह्यांत आहे व ज्याला आज रायगड म्हणतात, त्याचेंही नांव १९८१ पर्यंत कुलाबाच होतें. एकाच खाऱ्या पाण्याभोंवतीं तीन कुलाबे! जमिनीवरच्या माणसाचें यानें फारसें अडत नाहीं. टपालवाला पाहून घेतो, नावाडी विचारून घेतो. आकाशांत विचारून घेण्यास अवकाश थोडा. म्हणून हवाई वाटांवर जे नुसते कल्पनेंतले टप्पे असतात, त्यांना पांच अक्षरांचीं, तोंडानें उच्चारतां येतील अशीं नांवें देण्याचा प्रघात आहे, आणि एक नांव साऱ्या जगांत एकाच टप्प्यास असावें असा नियम आहे. नांवांच्या बाबतींत देवांनाही इतकी शिस्त लाभलेली नाहीं.

स्वच्छ हवेच्या दिवशीं मांडव्याहून कुलाब्याचें टोंक ओळखूं येतें. त्याच टोंकाशीं डॉ. होमी भाभा यांनीं उभारलेल्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारती आहेत. संस्था १९४५ सालची. तिच्या संस्थापकाचा अंत कसा झाला हें बहुतेकांस ठाऊक आहे. कां झाला हें फार थोड्यांस ठाऊक आहे, आणि तें आमच्या विषयाच्या अगदीं गाभ्याचें आहे.

२४ जानेवारी १९६६ रोजीं एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ नांवाचें बोइंग विमान मुंबईहून निघून दिल्ली व बैरूत येथें थांबून जिनीव्हास उतरण्याच्या बेतांत होतें. दिशा व स्थान दाखविणाऱ्या दोन यंत्रांपैकीं एक बिघडलेलें होतें. वैमानिकानें हिशेब केला कीं माँ ब्लाँ हें आल्प्सचें उत्तुंग शिखर आपण बाजूस टाकीत आहों, आणि तसें त्यानें खालीं कळविलें. जिनीव्हाच्या नियंत्रकास रडारवर दिसलें कीं हिशेब चुकला आहे, शिखर अद्याप पुढेंच आहे. त्यानें ती चूक दुरुस्त करण्यासाठीं जें सांगितलें त्याचा आशय असा होता: माँ ब्लाँ तुम्हांस पांच मैल आहे. वैमानिकानें उत्तर दिलें, ‘रॉजर’. आणि विमान खालीं येऊं लागलें. शिखरावरून सुखरूप जातां यावें एवढी उंची त्याच्यापाशीं पूर्वी होती. ती त्यानें आपण होऊन सोडली. एकशें सतरा माणसें गेलीं, एकही वांचलें नाहीं.

नियंत्रकाचें वाक्य शब्दशः खरें होतें. पांच मैलच होतें. पण कोणीकडे पांच मैल? ज्याच्या मनानें शिखर मागें पडलें आहे, त्याला पांच मैल हें मागें टाकलेलें अंतर वाटलें. ज्याच्या डोळ्यांपुढें रडार होतें, त्याला तें पुढचें अंतर होतें. आपले नैयायिक म्हणतील कीं वाक्याची आकांक्षा पुरी झालेली नव्हती, आणि उरलेली जागा ऐकणाऱ्यानें आपल्या समजुतीनें भरून काढली. चौकशीच्या निष्कर्षांतही हेंच निराळ्या शब्दांत आहे: पुरेशा नेमक्या शब्दयोजनेच्या अभावीं वैमानिकाचा गैरसमज झाला. नेमक्या शब्दयोजनेचा अभाव! आयुष्यभर भाषा शिकविणाऱ्या माणसानें हें वाक्य वाचावें आणि थोडा वेळ पुस्तक मिटून बसावें असें तें आहे.

भाभांच्या मृत्यूमागें परक्या हेरांचा हात होता अशा वदंता पुढें उठल्या आणि आजही उठतात. त्यांच्या मुळाशीं पुरावा नाहीं, पण एक मनोधर्म आहे. एवढा मोठा पुरुष, ज्याच्या बुद्धीवर देशाच्या अणुविज्ञानाचा भार, तो एका गळालेल्या ‘पुढें’ या शब्दानें गेला, हें मनास सोसत नाहीं. दुष्ट शत्रु परवडला; निदान त्यांत कांहीं अर्थ असतो. गैरसमजास चेहरा नसतो.

कोणी म्हणेल, बोलण्याचें साधन हातीं असून माणसें अशीं मरतात, तर साधनच नसे तेव्हांचे लोक काय करीत? त्याचेंही उत्तर या पाण्यांत आहे. १७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट याच बंदरांत उलटली आणि सहाशेंवर माणसें बुडालीं. बोटीवर बिनतारी संदेशाचें साधन नव्हतें. मुंबई डोळ्यांना दिसत होती, पण तिला हांक मारतां येत नव्हती; वार्ता पोहोंचली ती कित्येक तासांनीं, वांचलेल्यांच्या तोंडून. रेवस-मांडव्याच्या बाजूस आजही म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यांत रामदासचें नांव येतें. ‘रामदास’ला वाणीच नव्हती, ‘कांचनजंगा’ला वाणी होती आणि ती पुरी पडली नाहीं. यांतला पहिला दोष यंत्रानें दूर झाला. दुसरा यंत्रानें दूर होण्यासारखा नव्हता. त्यासाठीं माणसांना बोलणेंच नव्यानें शिकावें लागलें.

तें कसें शिकले, हें पाहूं. ‘रॉजर’ या शब्दापासूनच आरंभ करणें बरें, कारण चित्रपटांनीं तो घरोघर नेला आहे आणि घरोघर त्याचा अर्थ चुकीचा समजतात. जुन्या वर्णमालेंत ‘आर’ या अक्षराचें नांव रॉजर होतें, आणि तें अक्षर ‘मिळालें’ या अर्थाच्या इंग्रजी शब्दाचें आद्याक्षर. रॉजर म्हणजे तुमचा शेवटचा निरोप मला पुरा ऐकूं आला, एवढेंच. तो पटला, त्याप्रमाणें करतों, किंवा तुम्ही म्हणतां तसेंच आहे, यांपैकीं कांहींही त्यांत नाहीं. ‘करतों’ असें म्हणावयाचें असेल तर ‘विल्को’ हा शब्द आहे. प्रश्नास होकार द्यावयाचा असेल तर ‘अफर्म’. हा शब्द इंग्रजींत पूर्वी लांब होता. त्याची शेपटी नकारार्थी ‘निगेटिव्ह’च्या शेपटीसारखीच ऐकूं येते, आणि खरखरींत शेपटीच तेवढी ऐकूं आली तर हो आणि नाहीं यांत भेद उरणार नाहीं, म्हणून ती कापून टाकली. आणि जेथें उंची, दिशा, धावपट्टी यांची आज्ञा असेल, तेथें यांपैकीं एकही शब्द चालत नाहीं. आज्ञा जशीच्या तशी परत म्हणून दाखवावी लागते.

आतां आपल्या ‘हो’ची अवस्था पाहा. ऐकलें याला हो, समजलें याला हो, मान्य आहे याला हो, करतों यालाही हो; आणि बोलणें आटोपतें घ्या याला तर दोनदां हो. घरांतील निम्मीं भांडणें या चार-पांच अर्थांच्या फटींत जन्मास येतात असें आमचें निरीक्षण आहे. पत्नी म्हणते, तुम्ही हो म्हणालां होतां. पति म्हणतो, मी हो म्हणालों म्हणजे ऐकलें म्हणालों. दोघेंही खरें बोलत असतात. विमानवाल्यांनीं हा एक शब्द फोडून त्याचे चार केले, यांत आम्हांस केवळ व्यवहारकौशल्य दिसत नाहीं. ऐकणें, समजणें, पटणें आणि पत्करणें या मनाच्या चार भिन्न क्रिया आहेत, आणि एकीचें नाणें दुसरीच्या नांवानें चालविणें ही एक प्रकारची लबाडी आहे, हेतु कितीही स्वच्छ असला तरी.

आज्ञा परत म्हणून दाखविण्याच्या रीतीस मराठींत नवा शब्द बनविण्याचें कारण नाहीं. आपल्यापाशीं ‘संथा’ हा सुंदर शब्द आहे. गुरूनें म्हणावें, शिष्यानें तसेंच म्हणावें, आणि गुरूनें तें कान देऊन ऐकावें. वेद हजारों वर्षें लिपीवांचून टिकले ते या तिसऱ्या क्रियेमुळें. पहिल्या दोन पोपटासही साधतील. हवाई नियंत्रणांतील अनुभवही हाच सांगतो: वैमानिक चुकीचें म्हणतो, आणि नियंत्रकाच्या कानांना तें बरोबरच ऐकूं येतें, कारण त्यानें स्वतः जें सांगितलें तेंच परत येणार अशी त्याच्या मनाची आधींच खात्री झालेली असते. परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांना हा दोष सांगावयास नको.

संथेचें महत्त्व जगास खऱ्या अर्थानें पटलें तें २७ मार्च १९७७ रोजीं. स्पेनच्या ताब्यांतील तेनेरीफ बेटावर दाट धुकें पडलें होतें, आणि एकाच धावपट्टीवर दोन प्रचंड विमानें होतीं. डच विमानांतून निरोप आला कीं आम्ही आतां ‘टेक-ऑफ’वर आहों. उड्डाणासाठीं सज्ज होऊन जागेवर उभें आहों, असा अर्थ नियंत्रकानें घेतला. प्रत्यक्षांत विमान धांवूं लागलें होतें. नियंत्रकानें उत्तर दिलें, ‘ओके’. आणि क्षणभर थांबून ‘उड्डाणासाठीं थांबा, मी सांगेन’ असें जोडलें. या जोडलेल्या वाक्याच्या वेळींच अमेरिकन विमानानें आपण अजून धावपट्टीवर असल्याचें कळविलें, आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून डच विमानांत नुसती किंकाळी पोहोंचली. स्पष्ट ऐकूं आलें तें ‘ओके’ तेवढें. पांचशें त्र्याऐंशी माणसें मेलीं. त्यानंतर ‘टेक-ऑफ’ हा शब्द जवळजवळ सोंवळ्यांत ठेवला गेला. उड्डाणाची प्रत्यक्ष परवानगी देतांना किंवा ती रद्द करतांनाच तो उच्चारावयाचा. इतर सर्व वेळीं ‘डिपार्चर’ म्हणावयाचें. मंत्रांना अधिकार व समय असतो हें आपण ऐकत आलों आहों; येथें एका सामान्य शब्दास तो प्राप्त झाला.

परंतु या अपघातांत शब्दांइतकीच दुसरी एक गोष्ट बोलत होती, किंबहुना बोलत नव्हती. धांवत्या डच विमानांतील यंत्रज्ञानें विचारलें होतें कीं तें अमेरिकन विमान बाजूस झालेलें नाहीं काय? कप्तानानें ठासून सांगितलें, झालें आहे. कप्तान त्या कंपनीचा सर्वांत ज्येष्ठ शिक्षक, इतरांना शिकविणारा, कंपनीच्या जाहिरातींत ज्याचें छायाचित्र असे तो. यंत्रज्ञानें पुन्हां विचारलें नाहीं. थोरांस एकदां विचारणें हा आपल्याकडेही विनय समजला जातो, आणि दुसऱ्यांदां विचारणें हा उद्धटपणा. आमच्या वर्गांतही ‘समजलें काय?’ या प्रश्नास साठ मुखांतून हो येतो; तो विद्येचा हो नसून वयाचा असतो.

भीड ही तर त्याहूनही घातक. २५ जानेवारी १९९० च्या रात्रीं कोलंबियाचें एक विमान न्यूयॉर्कवर घिरट्या घालीत होतें. हवा खराब, खालीं विमानांची दाटी. त्याला एक तासाहून अधिक काळ थांबविण्यांत आलें. इंधन संपत आलें होतें. नियंत्रकांशीं बोलण्याचें काम सहवैमानिकाकडे होतें. त्यानें प्राधान्य मागितलें; इंधन संपत आहे असेंही सांगितलें. कप्तान त्याला आपल्या भाषेंत सांगत होता कीं आपण संकटांत आहों असें त्यांना सांग. सहवैमानिक म्हणे, सांगितलें आहे. त्यानें जें सांगितलें तें सारें खरें होतें, फक्त संकटवाचक ठरलेला शब्द त्यांत नव्हता. त्या गर्दींत प्रत्येकाचेंच इंधन कमी होत होतें. ‘प्राधान्य द्या’ या शब्दांनीं नियंत्रकाच्या कानांत घंटा वाजली नाहीं. उतरण्याचा एक प्रयत्न फसला, इंजिनें एकामागून एक थांबलीं, आणि विमान लाँग आयलंडवरील एका टेकडीवर कोसळलें. पेट घेण्यासही त्यांत इंधन उरलें नव्हतें. एकशें अठ्ठावन्नांपैकीं त्र्याहत्तर दगावले.

या सहवैमानिकास आम्ही कोठें तरी ओळखतों असें आम्हांस वाटतें. आपल्या मध्यमवर्गांत तो फार आहे. हातउसने पैसे मागावयास जातो आणि ‘जरा ओढाताण आहे’ एवढें बोलून चहा घेऊन परततो. छातींत कळ येते, पण शेजाऱ्यांची झोंपमोड नको म्हणून ‘किंचित अस्वस्थ वाटतें’ म्हणतो. संकटास संकट म्हणणें यांत त्याला आपली लाज वाटते व दुसऱ्यास त्रास दिल्यासारखें वाटतें. विमानवाल्यांनीं या लाजेवर जो उपाय योजला तो मोठ्या समजूतदारपणाचा आहे. १९२० नंतरच्या दशकांत लंडनजवळील क्रॉयडनच्या विमानतळावर, पॅरिसकडे जाणारीं-येणारीं विमानें पुष्कळ म्हणून, ‘मला मदत करा’ या अर्थाच्या फ्रेंच उच्चारावरून ‘मेडे’ हा शब्द बनविण्यांत आला. तो तीनदां उच्चारला कीं इतर सर्वांनीं गप्प बसावयाचें. त्याचें वर्णन करावें लागत नाहीं, प्रस्तावना करावी लागत नाहीं, आवाज चढवावा लागत नाहीं. भिडस्त माणसासाठीं आयताच केलेला शब्द आहे तो; पण तोही त्या रात्रीं कोणाच्या ओठांवर आला नाहीं. पुढें इंधनापुरते दोन वेगळे शब्दप्रयोग ठरविण्यांत आले, एक ‘कमी आहे, आतां विलंब सोसणार नाहीं’ या अर्थाचा आणि दुसरा प्रत्यक्ष संकटाचा. लाज किती बारीक पायऱ्यांनीं उतरवावी लागते पाहा.

भाषेचा अभिमान बाळगणारे वाचक येथें विचारतील कीं ही परिभाषा इंग्रजीच कां? शिवछत्रपतींनीं फारशी शब्द काढून राज्यव्यवहारकोश रचविला, तर आकाशव्यवहारकोश मराठींत कां नको? मराठींतून विमानविद्या शिकविण्यास आमची मुळींच हरकत नाहीं. धावपट्टी, उड्डाण, वैमानिक हे शब्द चांगले रुळले आहेत. परंतु राज्यव्यवहारकोशाचा हेतु एका राज्यांत एक शब्द चालावा हा होता, आणि आकाशाचें राज्य साऱ्या पृथ्वीवर पसरलेलें आहे. १९७६ च्या सप्टेंबरांत झाग्रेबवर दोन विमानें एकाच उंचीवर समोरासमोर येत असल्याचें नियंत्रकाच्या ध्यानांत अखेरच्या क्षणीं आलें, तेव्हां तो इंग्रजी टाकून आपल्या मातृभाषेंत बोलूं लागला. घाबरलेलें मूल आईकडे धांवतें तसें तें होतें. आम्हांस त्याला नांवें ठेववत नाहींत. पण दोन विमानांपैकीं एक इंग्रजांचें होतें, त्याला तें शब्द नव्हतेच, नुसता ध्वनि होता. एकशें शहात्तर माणसें मेलीं.

शिवाय ही इंग्रजी इंग्रजांची राहिलेली नाहीं, ही गंमत आमच्यासारख्यांनींच अनुभवावी. १९५६ सालीं जी वर्णमाला जगभर लागू झाली तींत ‘अल्फा’चें स्पेलिंग इंग्रजी रीतीस सोडून केलें आहे, आणि ‘ज्युलिएट’च्या शेवटीं एक ‘टी’ जास्त घातला आहे, कारण एकच ठेवला तर फ्रेंच माणूस तो गिळून टाकील. ज्यांना ‘थ’ साधत नाहीं त्यांच्यासाठीं तीन या अंकाचा उच्चार ‘ट्री’, पांचाचा ‘फाइफ’, नवाचा ‘नाइनर’ असा ठरविला आहे. वर्गांत एखाद्या खेड्यांतल्या मुलानें ‘ट्री’ म्हटलें कीं बाकीचे हंसतात आणि आम्ही त्याला सुधारतों. आकाशांत तोच शुद्ध ठरतो, आणि ऑक्सफर्डच्या पदवीधरास त्याच्यासारखें बोलावें लागतें. बोलणाऱ्याची ऐट नव्हे तर सर्वांत दुबळ्या ऐकणाऱ्याचा कान हें भाषेचें प्रमाण, असा निर्णय येथें झाला. आम्हांस तर हा लोकशाहीचा फार शुद्ध नमुना वाटतो.

मग सर्वच बोलणें असें असावें काय? छे! आम्ही इतकीं वर्षें काव्य शिकविलें. अभिधेपेक्षां लक्षणा श्रेष्ठ आणि लक्षणेपेक्षां व्यंजना श्रेष्ठ, हें मुलांच्या गळीं उतरविलें. ज्या घरांत प्रत्येक वाक्याची संथा होते त्या घरांत राहण्यापेक्षां धावपट्टीवर बिछाना टाकलेला बरा. प्रेम, विनोद, सांत्वन हीं व्यंजनेवरच जगतात. आमचा आग्रह एवढाच कीं घरांतही कांहीं क्षण विमानतळाचे असतात, आणि ते ओळखतां आले पाहिजेत. आमच्या एका स्नेह्यांच्या घरीं वडील रुग्णालयांत होते. मुलगा दूर बंगळूरास. डॉक्टरांनीं दूरध्वनीवर सांगितलें, ‘प्रकृति स्थिर आहे.’ डॉक्टरांच्या परिभाषेंत याचा अर्थ फरक नाहीं; मुलानें तो धोका टळला असा घेतला, आणि निघणें दोन दिवस पुढें ढकललें. तो आला तेव्हां दर्शनास जें उरलें होतें तें वडील नव्हते. डॉक्टर खोटें बोलले नाहींत. त्यांच्यावर ठपका कसला ठेवणार? पण पलीकडच्या कानांत ‘स्थिर’ या शब्दाचें काय झालें, हें विचारण्यास त्यांना एक वाक्य पुरलें असतें: तुम्ही यावरून काय समजलां, सांगा पाहूं. तें वाक्य न विचारणें हा अपराध आहे कीं नाहीं, याविषयीं आमच्या स्नेह्यांत दोन तट आहेत. आमचें मत आहे कीं आहे. जो अधिक जाणतो, ज्याच्यापुढें रडार आहे, त्याचें कर्तव्य सांगितल्यानें संपत नाहीं. पोहोंचल्याची खूण मिळाल्यावर संपतें.

आणि मौनाचें काय? आपल्या समाजांत मौन म्हणजे संमति हें सूत्र वेदवाक्यासारखें चालत आलें आहे. बैठकींत मुलगी मान खालीं घालून बसली, कांहीं बोलली नाहीं, म्हणजे तिची ना नाहीं. पुढचे मुहूर्त या एका अनुमानावर निघतात. शिकलेल्या घरांतही निघतात, आजही निघतात. म्हातारीनें वांटणीच्या कागदावर कांहीं विचारलें नाहीं, म्हणजे तिला मान्य. गड्यानें तक्रार केली नाहीं, म्हणजे तो सुखी. या सर्व ठिकाणीं गप्प राहणाऱ्याच्या मनांत काय आहे तें शोधण्याचा त्रास वांचतो, म्हणूनच हें सूत्र इतकें लोकप्रिय झालें असावें. विमानवाल्यांनीं मौनाचा अर्थ अगदीं उलट लावला आहे. विमान गप्प झालें कीं त्याची संमति आहे असें कोणी धरीत नाहीं. त्याचें यंत्र बिघडलें असें धरतात. तसें झाल्याची खूण म्हणून वैमानिकानें सात हजार सहाशें हा आंकडा आपल्या यंत्रावर लावावयाचा असतो, तो रडारवर उमटतो, आणि त्या मुक्या विमानासाठीं इतरांना वाट सोडावयास लावतात. आपण इकडे जें उत्तर समजतों, तेंच तिकडे मदतीचें कारण होतें.

विमानाचा रेडिओ अगदींच मेला असेल तरी मनोऱ्यावर एक दिवा असतो. तो हातानें विमानाकडे रोखतां येतो. स्थिर हिरवा दाखविला तर उतरण्याची परवानगी आहे. स्थिर लाल दाखविला तर दुसऱ्यास वाट द्या आणि घिरट्या घालीत राहा. हवेंत असलेल्या वैमानिकास उत्तर देण्यास वाणी नसते, म्हणून तो दिवसा विमानाचे पंख डोलवितो, आणि रात्र असेल तर पुढचे दिवे दोनदां उघडझांप करतो. मनोऱ्यावरचा माणूस ती खूण दिसेपर्यंत त्या विमानाकडे पाहत उभा असतो.